घरचा सवाल

पातेलेनानांना खरं नाव होतं, पण आश्रमात ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगायची घाई केली नाही. उगाच कशाला? कारखान्याच्या गोदामात त्यांनी उभा जन्म काढला, तिथे ते नुसते 'गोदामवाले' होते. साहेबाला खिळे हवे असले की कुणीतरी लांबूनच ओरडायचं, "अरे, त्या गोदामवाल्याला उठवा." इथे मात्र आश्रम बघायला आलेल्या पाहुण्यांना ध्यानाचा हॉल दाखवून झाला, भाजीचे वाफे दाखवून झाले की मुद्दाम मागच्या मोरीपर्यंत आणायचे आणि सांगायचे, "आणि हे आमचे पातेलेनाना." पाहुणे हात जोडायचे. नाना राखेने काळे झालेले हात कोपरापासून वर उचलून नमस्कार करायचे. चेहऱ्यावर असा काही संकोच आणायचे, की पाहुण्यांना वाटावं, माणूस अगदीच निरिच्छ आहे.

ध्यानात नानांचा जीव कधी रमला नाही, हे सांगून टाकलेलं बरं. पहाटे घंटा व्हायची, सगळे हॉलमध्ये ओळीने बसायचे, आणि डोळे मिटले की नानांना डुलकी लागायची. पण त्यानंतरचा दिवस त्यांचा होता. अंगण झाडायचं, वाफ्यांना पाणी घालायचं, भाजी चिरायला बसायचं, जेवणाच्या वेळी पंक्तीत वाढायचं, आणि सगळ्यांची जेवणं उरकली की मोरीत उतरायचं. माणूस आत बसेल एवढी पातेली, तळाशी करपलेली. नाना आधी त्यात कढत पाणी ओतून ठेवत, मग लाकडी उलथन्याने खरपुडी सोडवत, मग राख आणि तारेची घासणी घेऊन भिडत. मध्ये कुणी "नाना, द्या, मी घासतो," म्हणालं तर त्यांना राग यायचा. घासून झालेली पातेली ते उन्हात कट्ट्यावर पालथी घालत आणि दोन पावलं मागे सरून बघत. आचारी म्हणायचा, "नाना, आता मुका घ्या एकेकाचा."

आणि घरी? घरी नाना काडी इकडची तिकडे करत नसत. वाईट नव्हते हो ते. कधी हात उगारला नाही, की जेवणात खोट काढली नाही. नोकरीवरून आले की खुर्चीत बसत, चहा येई, पिऊन होई, आणि रिकामा कप जिथल्या तिथे राही. तो उचलून मोरीत नेता येतो, हे साठी उलटेपर्यंत त्यांना सुचलं नव्हतं. रिटायर झाल्यावर एका मित्राबरोबर आठवडाभर आश्रमात आले, तिथे पहिलं पातेलं हातात पडलं आणि नाना हुरळूनच गेले. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे पुष्कळ महिने झाले. अधूनमधून घरी जात ते मळके कपडे घेऊन, आणि धुतलेल्या घड्या घेऊन परत येत. सेवेचा वसा घेतलेल्या माणसाला एवढं तर घरच्यांनी केलंच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत असे.

आता नानांना कायमचं व्हायचं होतं. वाफ्यांच्या मागे कायमच्या सेवकांच्या खोल्या होत्या, त्यातली टोकाची एक रिकामी होती. तिच्या खिडकीतून थेट मोरी दिसायची. नाना येता-जाता त्या खिडकीत डोकावत.

पण कायमचं व्हायचं तर एक गोष्ट पार पाडावी लागायची. तिला सगळे 'घरचा सवाल' म्हणत. आश्रम ज्यांनी उभा केला त्या मोठ्या बाईंचा हा दंडक होता. उमेदवाराच्या घरचं एक माणूस यायचं, दोन दिवस पाहुणा म्हणून राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर मोठ्या बाई त्या माणसाला एकच प्रश्न विचारायच्या, "हे इथेच राहिले, तर घरी काय अडेल?" काही अडत असेल तर उमेदवाराने घरी जायचं आणि ते आधी निस्तरायचं. घरचं काम टाकून पळालेला माणूस बाईंना इथे नको होता.

नानांच्या आधी एका शिंप्याची पाळी आली होती. मनाने साधू माणूस, ध्यानाला बसला की खांबासारखा. त्याच्या बायकोला बाईंनी विचारलं, तर ती बिचारी बराच वेळ विचार करून म्हणाली, "तसं काही नाही. आमच्या दाराची कडी बसत नाही नीट. दार उचलून धरावं लागतं, ते हे करतात." बाई शिंप्याला म्हणाल्या, "जा, कडी बसवून या." शिंपी गेला तो गेलाच. त्यावर नाना पोट धरून हसले होते. एका कडीपायी माणूस हातची खोली घालवतो म्हणजे काय!

आपलं तसं होऊ द्यायचं नाही, असं नानांनी ठरवलं. बायकोला फोन करून त्यांनी सगळं नीट पढवलं. "अगं, एवढंच सांगायचं की काही अडणार नाही. घाबरायचं नाही. आणि नुसतं 'नाही' म्हणून मोकळी होऊ नकोस. बाईंना पटत नाही तसं. उदाहरणं द्यायची. खरीखुरी, घरातली."

"खरीखुरी?" पलीकडून आवाज आला.

"हो, मग! तिथे खोटं चालत नाही."

वहिनी दुपारच्या बसने आल्या. वहिनी हे नाव त्यांना आश्रमाने फाटकातच दिलं. नाना तिथे उभेच होते, पण पिशवी घ्यायला हात पुढे केला तो आचाऱ्याने. नानांना सुचेपर्यंत पिशवी आतही गेली होती.

पाहुण्याने कामाला हात लावायचा नाही, हाही दंडकच. वहिनींची त्यात पंचाईत झाली. चहा झाल्यावर त्या आपला कप घेऊन मोरीकडे निघाल्या, तर एका मुलीने तो हसून काढून घेतला. बाकावर बसून शेजारच्या कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागल्या, तर माळीबाईने तीही खुडू दिली नाहीत. मग दवाखान्यात नंबराची वाट बघत बसतात तशा हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेवटी उठल्या आणि मोरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

नाना तेव्हा ऐन रंगात आले होते. वहिनी बराच वेळ बघत होत्या.

"हे कुठे शिकलात?"

"इथेच."

"छान निघतं की," वहिनी म्हणाल्या.

त्या आवाजात टोमणा आहे का, ते नानांनी कान देऊन पाहिलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं, उलटून चार शब्द तरी बोलता आले असते. हे कौतुक होतं, परक्या माणसाचं करावं तसं. नानांचे हात उगाचच मंदावले. काय झालं ते त्यांना नेमकं कळलं नाही, पण उरलेलं पातेलं त्यांनी पाठ वळवून घासलं.

संध्याकाळच्या पंक्तीत नाना भाजी वाढत आले. वांग्याची होती. इतरांना एकेक पळी वाढली आणि वहिनींच्या ताटात प्रेमाने दोन घातल्या. पंगत उठली तेव्हा बाकीचं सगळं संपलं होतं आणि भाजी तेवढी ताटात तशीच होती. ताटं गोळा करणारा आचारी थांबला.

"वहिनी, वांगं चालत नाही का तुम्हाला?"

"नाही हो, तोंडाला खाज सुटते."

"मग नाना, तुम्ही कसं काय वाढलंत? तेही दोन दोन पळ्या?" आचाऱ्याला गंमत वाटली. "घरी काय रोज उपाशी ठेवता की काय वहिनींना?"

चारजण हसले. नानाही हसले, पण हसू ओठांपाशीच अडलं. घरी दर आठवड्याला वांगं होत असे. त्यांना आवडतं म्हणून होत असे. त्या दिवशी बायको काय खाते, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

आचारी मनाने चांगला, पण त्याच्या जिभेला लगाम नव्हता. तो वहिनींना म्हणाला, "पण एक मात्र आहे, भाग्यवान आहात तुम्ही. असा नवरा! आम्हाला इथे एका पातेल्याला हात लावू देत नाहीत. घरी तर तुमच्या हाताला पाणी लागू देत नसतील."

नानांना वाटलं, आता ही बोलणार. एक शब्द बोलली तरी पुरे. उद्यापासून मोरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

वहिनींनी नानांकडे बघितलंही नाही. "हो ना," त्या म्हणाल्या, "फार करतात."

आचारी खूश होऊन ताटं घेऊन गेला. नाना हातात भाजीचं भांडं धरून तसेच उभे राहिले. सुटलो, असं वाटायला हवं होतं, आणि वाटत मात्र होतं की भर बाजारात कुणी आपलं धोतर सोडलं आणि हिने येऊन अंगावर पदर टाकला. तेही सवयीने. असा किती वेळा टाकला असेल? लेकीच्या सासरी, भावकीत, शेजारपाजारी, कुठे कुठे हिने 'फार करतात' म्हणून सांगितलं असेल? नानांना विचारायचा धीर झाला नाही. निजायला जाण्याआधी व्हरांड्यात दोघं भेटले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उद्याचं लक्षात आहे ना? उदाहरणं दे."

"आहे," वहिनी म्हणाल्या. "मी येताना बसमध्ये सगळी आठवून ठेवलीत."

सकाळी ध्यान झाल्यावर हॉलमधून कुणी उठलं नाही. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. बाई थकल्या होत्या, पण नजर अजून सुईत दोरा ओवेल अशी. वहिनींना त्यांनी समोर बसवून घेतलं. नाना भिंतीशी, आचाऱ्याच्या शेजारी.

"नाना इथेच राहिले, तर घरी काय अडेल?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या.

"नीट आठवून सांगा. घाई नाही."

वहिनींनी नानांकडे पाहिलं. नानांनी डोळ्यांनीच खूण केली, सांग, सांग. वहिनींनी पदर सारखा केला.

"आता बघा, गॅस संपला की मी फोन करते. तो माणूस येऊन लावूनही देतो. नळ गळायला लागला तर प्लंबरचा नंबर भिंतीवरच लिहिलाय. मध्ये फ्यूज गेला होता, तो मीच घातला. बाजार मीच करते, पहिल्यापासून. लेकीचं बाळंतपण झालं, तेही काही अडलं नाही, मी एकटीने काढलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचंही सगळं झालं नीट. हे तेव्हा घरीच होते, पण यांना नोकरी होती ना." कुणीतरी खोकलं. वहिनींना वाटलं, अजून पटलेलं दिसत नाही. त्या जरा पुढे सरकल्या. "आता माझा उजवा हात वर जात नाही. खांदा धरलाय. तर मी सगळे डबे खालच्या फळीवर आणून ठेवलेत. वेणी तेवढी घालता येत नाही, ती शेजारची मुलगी कॉलेजला जाताना घालून देते. म्हणजे हे घरात होते तेव्हाही यांच्यावाचून कधी काही अडलं नाही. मग आता कसं अडेल? तुम्ही अगदी निर्धास्त ठेवून घ्या यांना."

एवढं बोलून त्यांनी नानांकडे बघितलं. जमलं ना, असं विचारावं तसं.

नानांची मान केव्हाच खाली गेली होती. खांदा? कुठला खांदा? त्यांना लाज वाटली. वर बघायचं म्हटलं तर मानेत जोर राहिला नव्हता, अशी लाज. अख्खा हॉल आपल्याकडे बघतोय असं त्यांना वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ती बघत होती, आशेने. त्यांनी मनातल्या मनात घर धुंडाळलं. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर. आपल्यावाचून अडेल अशी एक तरी गोष्ट असेल. कॅलेंडरसाठी एक खिळा त्यांनी ठोकला होता. तो वाकडा गेला आणि कॅलेंडर लोंबायला लागलं, तेव्हा तिने तो काढून दुसरीकडे ठोकला. बाकी काही सापडेना. ज्या शिंप्याला ते पोट धरून हसले होते, त्याच्या दाराला एक कडी होती. नानांच्या घराला तेवढीही नव्हती.

मोठ्या बाईंनी एकदा नानांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमचा सवाल एकच असतो आणि त्याचं उत्तर आलं. घरी काही अडत नाही, म्हणजे आमची हरकत नाही. नाना, तुम्ही मोकळे आहात."

हॉलमध्ये आनंदाची कुजबुज झाली. आचाऱ्याने नानांना मिठीच मारली. एक रिटायर झालेल्या शाळामास्तरीणबाई डोळे पुसत पुढे आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "याला म्हणतात घर मागे ठेवून येणं! बायकोला इतकी खंबीर करून आलाय हा माणूस. नाहीतर आमच्या घरचे."

तोंड उघडायची हीच वेळ होती. 'बाई, मी काही केलं नाही, ती बिनकाठीची उभी राहिली,' एवढं म्हणणं काही फार नव्हतं. नाना गप्प राहिले. वर मिठीत सापडल्या सापडल्या थोडे हसलेसुद्धा. त्या हसण्याची त्यांना आधीच्या लाजेपेक्षा जास्त लाज वाटली.

परतीची बस फाटकासमोरच थांबायची. या वेळी पिशवी नानांनी घेतली. दोघं रस्त्याच्या कडेला झाडाखाली उभे राहिले.

"खांद्याचं कधीपासून?" नानांनी विचारलं.

"झालं आता वर्ष."

"सांगितलं नाहीस ते?"

"मागे आला होतात तेव्हा तुमच्यासमोरच डाव्या हाताने वाढत होते की. म्हटलं, दिसतंय ते आणखी काय सांगायचं."

नानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि वांगं?"

"ते लहानपणापासूनच नाही." वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरला. "अहो, हॉलमध्ये चुकलं का काही माझं? तुम्ही म्हणालात तसंच सांगितलं. ते खांद्याचं नको होतं का सांगायला?"

"नाही," नाना म्हणाले. "काही चुकलं नाही."

वळणावर बस दिसली. नानांनी घसा खाकरला.

"मी येतो घरी."

"काही राहिलंय का घ्यायचं? मी पाठवून देईन. उगाच हेलपाटा."

"तसं नाही. कायमचाच येतो."

"कशाला?"

वहिनींनी ते रागाने विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. बस येऊन थांबली, दार उघडलं, आणि नाना उत्तर शोधत राहिले. तुझ्यासाठी, असं म्हणायचं होतं. पण सबंध संसारात न वापरलेला शब्द असा रस्त्यावर उभं राहून एकदम काढायचा तरी कसा?

"भांडी घासीन," ते म्हणाले.

वहिनींना हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या अशा हसल्या, खिडकीतले प्रवासी वळून बघायला लागले. "अहो, दोन ताटं आणि एक कढई! तेवढ्यासाठी इथली एवढाली पातेली सोडून यायचं? आणि तिथे बघायला कोण आहे तुम्हाला?"

त्यांनी नानांच्या हातातून पिशवी घेतली, डाव्या हाताने दांडी धरली आणि एका अंगावर कलून कशाबशा वर चढल्या. खालून आधार द्यायला हवा होता हे नानांच्या लक्षात आलं, तोवर त्या आत गेल्या होत्या.

नानांचा एक पाय पायरीवर होता आणि एक रस्त्यावर.

"काका," कंडक्टर म्हणाला, "आत तरी या, नाहीतर खाली तरी राहा."

नाना आत चढले. अंगावर मोरीतले कपडे, नखांत राख. वहिनी पुढच्या बाजूला खिडकीशी बसल्या होत्या आणि बाहेर बघत होत्या, नाना आले की नाही हे त्यांनी वळून पाहिलं नाही. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवलेली होती. ती उचल म्हणायचं तर आधी 'अगं' म्हणावं लागणार होतं. बस हलली. नाना तिच्या पाठीशी दांडी धरून उभे राहिले, त्या दुसऱ्या कुणी घातलेल्या वेणीकडे बघत, आणि उभा जन्म खुर्चीत बसल्या बसल्या मारलेली ती हाक काही केल्या त्यांच्या तोंडातून निघेना.